फळी

पाचव्यांदा नाकारलं तेव्हा कारण होतं लोगो.
चार पिक्सेल जास्त रुंद.
त्याआधी परवानग्या: तुमचा एजंट
गरजेपेक्षा जास्त खोल्यांच्या किल्ल्या मागतो.
त्याआधी धोरणाचं पान उघडत नाही.
त्याआधीचं आता आठवतही नाही.

महापे, शनिवार, साडेचार.
बंद पडलेल्या छापखान्याचा पोटमाळा,
शाईचा वास अजून भिंतीत,
आणि एकुलता एक एक्स्टेन्शन बोर्ड,
त्याच्याभोवती आम्ही अकरा जण
शेकोटीला बसावं तसे.

गजभिये ऐरोलीहून येतो. नोकरी गेलीय,
घरी अजून सांगितलेलं नाही.
लॉइडचा एजंट दातांच्या डॉक्टरांच्या वेळा लावतो
आणि सगळ्यांना रविवार देतो.
फरहीन मुकादम कौशाहून.
तिचं ॲप त्या बाजारात तीन वर्षं उभं आहे,
पण ती कुणाच्या कीबोर्डला हात लावत नाही.
"लॉग वाच," म्हणते.
"मनात नाही. मोठ्याने."

मी वाचते.
आवक. गाडी नंबर. गोणी बावन्न.
"चिठ्ठीवर बावन्न आहे?"
चिठ्ठीवर चहाचा डाग आहे.
"मग बावन्न आलं कुठून?"

कुठून आलं.
मागच्या चार गाड्या बघून
माझ्या एजंटाने अंदाज बांधला होता
आणि खाली अदबीने लिहिलं होतं:
काम पूर्ण झाले आहे.

कोपरखैरणे, माथाडींची वसाहत, आमची खोली.
"ढगातला बाजार," बाबा म्हणतात,
"तिथं तोलाई कोण घेतं? अडत किती?"
विकलं तर शेकड्यामागे इतके, मी सांगते.
"आन् हमाली?"
हमाली आमची आम्हीच करतो. शनिवारी. फुकट.
फरहीनचं आडनाव सांगितलं तेव्हा मात्र खुलले.
"मुकादम? मग टोळीच झाली की गं!"

एकतीस वर्षं त्यांनी पाठ दिली
तुर्भ्याच्या कांदा-बटाट्याला.
बावन्नची गोष्ट सांगितली तर हसले नाहीत.

"गोणी पाठीवर असली की खाली बघता येत न्हाई.
गाडीवरनं उतरायची फळी, ती दिसतच न्हाई.
पुढचा वरडतो, हलतीया!
मग थांबायचं.
एक पाय वर असला तरी थांबायचं.
आमच्यात एक बर्गे होता, त्यो..."

टीव्हीचा आवाज त्यांनी दोन घरं वाढवला.

त्या रात्री मी एजंटाला एकच ओळ शिकवली.
आकडा दिसत नसेल तर थांब, विचार.
झालं उलटंच.
दुसऱ्या दिवशी तो एकोणीस वेळा थांबला.
दुपारपर्यंत वाघजीभाईंनी फोन केला,
"बेन, यापेक्षा माझा पोरगा बरा,
तो निदान जेवायला तरी जातो."

मग गजभियेने दोन शनिवार घालवले.
शंका साठवायच्या, तीन झाल्या की एकदम विचारायच्या,
पण गोण्यांची शंका आली तर लगेच.
एवढंच. पण हे एवढंच त्याने
पंधरा-पंधरा वेळा चालवून पाहिलं,
नोकरीवर असल्यासारखं,
डबा सोबत आणून.

सहाव्यांदा पाठवलं.
बुधवारी दुपारी कळलं, स्वीकारलंय.
शनिवारी वर गेले तर लॉइड म्हणाला, पार्टी,
आणि पुन्हा आपल्या रविवारांत बुडाला.
फरहीनने विचारलं, "कुठे कुठे अडलीस?"
आणि खडू पुढे केला.

त्या भिंतीवर आधीच बरंच काही होतं,
नावं नसलेलं, वेगवेगळ्या अक्षरांतलं,
काही पुसट, काही दुरुस्त केलेलं.
एका कोपऱ्यात जागा सापडली.
किल्ल्या लागतील तेवढ्याच मागा.
लोगो चार पिक्सेल. मोजून घ्या.
डाग म्हणजे आकडा नव्हे.

गजभियेने ते मोठ्याने वाचलं,
एकेक ओळ, लॉग वाचावा तसं.
आणि त्याच आवाजात, भिंतीकडेच बघत,
"काल घरी सांगितलं."

कुणी काही बोललं नाही.
फरहीनने बोर्ड वीतभर सरकवला,
त्याची वायर पोचेल असा.